आरंभीची शिल्लक

हिंगोलीहून वाशीमकडे निघाले की मराठवाड्याची हद्द संपण्याच्या सुमारास कनेरगाव नाका लागते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकाने, बी-बियाणे आणि खतांच्या पाट्या, अकोला–पूर्णा लोहमार्गावरचे स्थानक आणि फार दूर नसलेला पैनगंगेचा काठ. सोयाबीन, तूर आणि हळद यांच्या पोत्यांवर चालणारे हे गाव. याच रस्त्यालगत एका जैन कुटुंबाचे भुसार मालाचे दुकान आहे. पुढे पेढी, मागे राहते घर, मध्ये लांबट चौक. या पेढीच्या वह्या गेली पंचवीस वर्षे घरातील थोरल्या सूनबाई लिहितात. मुनीम, हमाल, माल घेऊन येणारे शेतकरी आणि घरातील धाकटी मंडळी सर्व त्यांना भाभी म्हणतात. येथेही तेवढेच नाव पुरे.

या भाभींना मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मज्जासंस्थेचा आजार आहे, आणि मागील वर्षी जानेवारीच्या अखेरीस त्यांच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. पित्ताशय काढणे ही आता बातमी राहिलेली नाही. दुर्बिणीतून काम होते, पोटावर तीन-चार लहान छिद्रे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस घरी. प्रत्येक नात्यागोत्यात असे दोघे-तिघे सापडतात आणि ‘त्यात काय एवढे’ असे सांगतात. ज्याच्या मज्जातंतूंचे खाते आधीच तुटीत चालले आहे, त्याने या साध्या शस्त्रक्रियेला कसे सामोरे जावे, हे सांगणारे मात्र आसपास कोणीच नव्हते.

आजाराची सुरुवात पंधरा वर्षांपूर्वीची. भाभी तेव्हा चौतीस वर्षांच्या होत्या. एका सकाळी वही उघडताना डाव्या डोळ्याला तिचे लाल कापड विटलेले, धुऊन धुऊन फिके पडल्यासारखे दिसले. डावा डोळा झाकून उजव्याने पाहिले की तेच कापड लालभडक. डोळा फिरवला की आत कळ येई. वाशीमच्या नेत्रतज्ज्ञांनी डोळ्याच्या नसेला सूज असल्याचे सांगून मोठ्या गावी पाठवले. औषधाने नजर बरीचशी परत आली आणि घर ते प्रकरण विसरले. दोन वर्षांनी पाय बधिर होऊ लागले. चौकातून चालताना चप्पल पायातून निसटलेली भाभींना कळत नसे. मागून येणारी मुलगी ती उचलून आणत असे. कोणी मणक्याची गादी सरकली म्हणाले. कोणी शाकाहारी माणसांत बी-बारा जीवनसत्त्व कमी पडते म्हणून इंजेक्शने दिली. ते निदान अगदीच निराधार नव्हते, कारण त्या कमतरतेतही पाय असेच बधिर होतात. अखेर तेव्हाच्या औरंगाबादेत मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय झाला आणि आजाराला नाव मिळाले.

नाव जुने आहे. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात ज्याँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे स्वतंत्र वर्णन केले. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवरील मायलिन नावाच्या आवरणावर चालून जाते. ते आवरण झिजले की मेंदूचा निरोप पायापर्यंत उशिरा पोहोचतो, अर्धवट पोहोचतो किंवा पोहोचतच नाही. कोणत्या जागचे आवरण झिजले त्यावर लक्षणे ठरतात, म्हणून या आजाराचे दोन रुग्ण सहसा एकसारखे नसतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दुपटीहून अधिक आढळतो आणि बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो. तो संसर्गाने पसरत नाही. सरळ आनुवंशिक म्हणावा तर तसाही नाही. आई किंवा वडील यांपैकी एकाला असल्यास अपत्याला होण्याची शक्यता शंभरांत दोनच्या आसपास असते. मुंबईत १९८५ पासून मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया काम करते आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत हा आजार नावानिशी नोंदलेला आहे. यातले काहीही निदानाच्या दिवशी त्या घराला ठाऊक नव्हते. सांगणाऱ्याने सांगितले ते इतकेच, की हा जाणारा आजार नाही, सांभाळायचा आजार आहे.

घराने तो दोन प्रकारे सांभाळला. एक औषधाने. सुरुवातीची काही वर्षे इंटरफेरॉनची इंजेक्शने होती. ती दोन ते आठ अंश तापमानातच ठेवावी लागत, आणि उन्हाळ्यात वीज गेली की धाकटे दीर थर्मासमध्ये बर्फ भरून ती शीतपेयांच्या दुकानात नेऊन ठेवत. पुढे दर सहा महिन्यांनी नांदेडला जाऊन रिटुक्सिमॅब हे औषध सलाईनमधून घेण्याचे ठरले. दुसरे सांभाळणे होते ते लपवण्याचे. नांदेडची खेप ही बाहेर ‘खरेदी’ म्हणून सांगितली जाई. काठी आली तेव्हा ‘घोटा मुरगळला’ असे सांगितले गेले, आणि तो घोटा सहा वर्षे मुरगळलेलाच राहिला. व्यापारी घरात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पत ही एका माणसाची नसते, घराची असते, आणि घरात लग्नाच्या वयाची मुलगी होती.

मागच्या दिवाळीनंतर भाभींच्या उजव्या बरगडीखाली जेवणानंतर कळा येऊ लागल्या. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. महिन्याभरात दोनदा रात्र बसून काढावी लागली तेव्हा शल्यचिकित्सकांनी सांगितले की सूज वाढून तातडीने पोट उघडण्याची वेळ येण्यापेक्षा शांतपणे, ठरवून शस्त्रक्रिया करावी. घरात भीतीने ठाण मांडले ते यानंतर. सासूबाईंचे म्हणणे, निजलेल्या दुखण्याला सुरी लावली की ते खवळते. यजमान काहीच बोलत नव्हते, आणि त्यांच्या बाबतीत तेच अधिक काळजीचे लक्षण होते.

भाभींनी हा प्रश्न नांदेडच्या मेंदूविकारतज्ज्ञांना सरळ विचारला. त्यांचे उत्तर असे होते, की शस्त्रक्रियेमुळे किंवा भुलीमुळे या आजाराचा नवा झटका येतो असे सिद्ध झालेले नाही. जपावे लागते ते तिच्या आगेमागे येणाऱ्या गोष्टींना : ताप, जंतुसंसर्ग, अंथरुणाला खिळून राहणे आणि औषधांची गल्लत. या शेवटच्या गोष्टीवर त्यांनी बराच वेळ घेतला. स्नायूंचा ताठरपणा कमी करण्यासाठी भाभी रोज बॅक्लोफेनच्या गोळ्या घेतात. त्या एकाएकी बंद केल्या तर ताठरपणा उसळून येतो, भ्रम होऊ शकतो, झटकेही येऊ शकतात, म्हणून शस्त्रक्रियेच्या दिवशीही त्या चुकवायच्या नाहीत. सलाईनमधून द्यायचे औषध मागील ऑगस्टमध्ये दिलेले होते आणि फेब्रुवारीत पुन्हा द्यायचे होते. त्या औषधाने शरीराची प्रतिकारशक्ती दबते, म्हणून शस्त्रक्रिया आधी करावी आणि पुढची मात्रा जखम पूर्ण भरल्यावर द्यावी, असे ठरले. जानेवारी निवडण्यामागे आणखी एक कारण होते. या आजाराच्या माणसाला उष्णता सोसत नाही. झिजलेल्या आवरणातून जेमतेम जाणारा निरोप शरीर तापले की वाटेतच थांबतो. एमआरआयच्या आधीच्या काळात रुग्णाला गरम पाण्यात बसवून लक्षणे वाढतात का, हे पाहण्याची चाचणीही करीत असत. मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यांत ती चाचणी आपोआप होते.

परत येताना गाडीत धाकट्या दिरांनी विषय काढला. शस्त्रक्रिया पित्ताशयाची, तर कागदावर पित्ताशयच असू द्यावे, दुसरा आजार मध्ये आणू नये, असे त्यांचे मत. कारणे त्यांच्यापुरती खरी होती. रुग्णालय घाबरून नकार देईल, पुण्या-मुंबईला जा म्हणेल. शिवाय त्या रुग्णालयाच्या औषध दुकानात नात्यातला एक मुलगा कामाला होता, आणि मुलीच्या स्थळाची बोलणी तेव्हाच सुरू झाली होती. त्यांनी नावनोंदणीच्या अर्जावर ‘इतर आजार’ या रकान्यात रेघ मारूनही टाकली होती. वाईट हेतू त्यात नव्हता. थर्मास घेऊन उन्हात धावणारा तोच माणूस.

भुलतज्ज्ञांच्या तपासणीत भाभींनी ती रेघ खोडली. डॉक्टरीणबाईंनी अर्ज पाहून ‘दुसरा काही आजार नाही ना?’ असे विचारले आणि शेजारी बसलेले दीर भिंतीकडे पाहू लागले.

‘आहे,’ भाभी म्हणाल्या, ‘पंधरा वर्षांपासून आहे.’ आणि पिशवीतून जुने एमआरआय, गोळ्यांची यादी आणि नांदेडच्या डॉक्टरांचे पत्र काढून टेबलावर ठेवले.

त्या रेघेची खरी किंमत तेव्हा कळली. भूल देताना स्नायू सैल करण्यासाठी औषधे वापरतात. त्यांपैकी एक फार लवकर काम करणारे म्हणून सोयीचे असते. पण मज्जातंतूंच्या आजाराने दुबळ्या झालेल्या किंवा फार दिवस हालचाल नसलेल्या स्नायूंत त्याच औषधाने रक्तातील पोटॅशियम एकदम वाढू शकते आणि हृदयाची लय बिघडू शकते. भाभींसाठी ते टाळायचे, दुसरे औषध मोजून वापरायचे आणि शरीराचे तापमान सतत पाहायचे, असे भुलतज्ज्ञांनी लगेच लिहून ठेवले. त्या रागावल्या नाहीत. ‘सांगितलेत ते चांगले केलेत,’ एवढेच म्हणाल्या. नकार वगैरे कोणी दिला नाही. बाहेर आल्यावर दीर खूप वेळ पाण्याच्या नळाजवळ उभे होते.

तयारीचा दुसरा भाग भाभींनी स्वतःच्या बुद्धीने केला. आजवर प्रत्येक तपासणीत डॉक्टर विचारत, ‘आधी कसे होते?’ आणि दर वेळी तीन उत्तरे मिळत. दीर सांगत की ठीकच होते, यजमान सांगत की वर्षभर घसरतच चालले आहे, आणि भाभींना स्वतःला आठवत नसे. पेढीवर नवी वही घालताना आरंभीची शिल्लक लिहिल्याशिवाय दुसरी नोंद होत नाही. ती चुकली की पुढचा सगळा हिशेब बरोबर असूनही खोटा ठरतो. शरीराच्या बाबतीत ही शिस्त आपण पाळली नाही, हे भाभींच्या लक्षात आले. शस्त्रक्रियेला दोन महिने असताना त्यांनी एक लाल कापडाची वही घेतली आणि पहिल्या पानावर शिल्लक लिहिली.

पेढीच्या गादीपासून मागच्या दारापर्यंत काठी घेऊन चालण्यास सकाळी दोन मिनिटे दहा सेकंद, दुपारी तीन मिनिटांच्या वर. डाव्या डोळ्याने वर्तमानपत्राचा मथळा वाचता येतो, खालचा मजकूर नाही. उजवा पाय पायरीवर सकाळी आपला आपण चढतो, दुपारनंतर हाताने उचलावा लागतो. मान खाली घातली की पाठीतून वीज गेल्यासारखे होते, आठवड्यातून तीन-चार वेळा. रात्री लघवीला किती वेळा उठावे लागले, तेही लिहिलेले. असल्या गोष्टी घरातील बाई कागदावर लिहीत नाही. भाभींनी लिहिल्या, आणि अक्षर नेहमीसारखेच सुबक. डिसेंबरच्या मध्यास घरात सर्वांना सर्दी-तापाची साथ आली. भाभींना दोन दिवस १०१ अंश ताप होता. त्या पानावर नोंद आहे : उजवा पाय उचलत नाही, डाव्या डोळ्यासमोर धुके. ताप उतरल्यावर दोन दिवसांनी दोन्ही पूर्ववत.

याच काळात लघवीच्या तपासणीत जंतू सापडले. ताप नव्हता, जळजळही नव्हती. या आजारात मूत्राशय पुरते रिकामे होत नाही, आणि त्यात भाभी पेढीवरून वारंवार उठावे लागू नये म्हणून दिवसभर पाणीच बेताने पीत. सूर्यास्तानंतर चौविहार. म्हणजे पाणी पिण्याची वेळ मुळात थोडी, आणि तीही कामात जाई. डॉक्टरांनी औषध दिले आणि दिवसाउजेडी ठरावीक पाणी पिण्याची ताकीद दिली. मुलीने उकळलेल्या पाण्याचा तांब्या गादीशेजारी आणून ठेवायला सुरुवात केली आणि संध्याकाळी तो रिकामा आहे की नाही, हे ती हिशेब तपासणाऱ्याच्या नजरेने पाहू लागली. छातीसाठी तीन रंगीत गोळ्यांचे श्वासाचे यंत्र आणले होते. श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायच्या. त्यात भाभींपेक्षा हमालांनाच अधिक गंमत वाटे.

चौविहाराचा प्रश्न शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री खऱ्या अर्थाने उभा राहिला. शस्त्रक्रिया सकाळी आठची. जेवण आधी सहा तास बंद, त्याची अडचण नव्हती. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या माणसाला तो नियम आयताच पाळला जातो. पण साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, किंबहुना प्यावे, असे भुलतज्ज्ञांचे सांगणे होते. नाहीतर आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दुपारपर्यंत शरीर कोरडे राहते, आणि त्यात जंतुसंसर्गाला वाव मिळतो. शिवाय पहाटेची बॅक्लोफेनची गोळी पाण्याशिवाय कशी घेणार? सासूबाईंनी आयुष्यभर नवकारशीच्या आधी पाण्याला हात लावलेला नाही. भाभींनी त्यांना विचारले. परवानगी हवी होती असे नाही, पण न विचारता घेणे त्यांना बरे वाटेना. सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘पच्चक्खाणात आगार असतात ते अशाच वेळेसाठी. पाणी पी, गोळी घे, मागाहून पाहू.’ व्रत सांभाळणाऱ्या पिढीला व्रतातली मोकळीकही ठाऊक असते, आणि पुष्कळदा तरुणांपेक्षा चांगली ठाऊक असते.

पहाटे पाच वाजता रुग्णालयात वेगळीच अडचण आली. रात्रपाळीच्या परिचारिकेने ‘काही द्यायचे नाही’ या नियमाखाली गोळ्यांची डबी काढून घेतली होती. मुलीने पत्र दाखवले. परिचारिका म्हणाली, डॉक्टर आल्याशिवाय नाही. मुलीने मग भुलतज्ज्ञांनाच फोन लावून देण्याचा आग्रह धरला. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली ही मुलगी एरवी पाहुण्यांपुढे आवाजही चढवत नाही. पाच मिनिटांत गोळी मिळाली. ती डबी पुन्हा परिचारिकेच्या कपाटात गेली नाही, मुलीच्या पर्समध्येच राहिली.

शस्त्रक्रियेबद्दल सांगण्यासारखे काही नाही. तासाभरात ती नीट पार पडली. भूल उतरल्यावर भाभींनी पहिल्यांदा दोन्ही पायांचे अंगठे हलवून पाहिले. संध्याकाळी त्यांना आधाराने उभे केले आणि दुसऱ्या दिवशी लघवीची नळी काढली. या आजारामुळे एरवीपेक्षा दोन दिवस जास्त ठेवून घ्यायचे ठरलेलेच होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी अंगात कणकण भरली. चार वाजता ताप १०१ च्या वर गेला. भाभी उठू लागल्या तेव्हा उजवा पाय खाटेवरून खाली आलाच नाही. त्यांनी हाताने उचलून तो खाली ठेवला. तो लाकडासारखा राहिला. डाव्या डोळ्यासमोर समोरची भिंत विरघळल्यासारखी झाली. यजमान बाहेर व्हरांड्यात जाऊन बाकावर बसले. सासूबाईंनी गावाहून फोनवर ऐकले आणि ‘मी सांगितले होते’ असे म्हणाल्या नाहीत, पण त्यांचे गप्प राहणे सर्वांना ऐकू आले.

कामावरच्या तरुण डॉक्टरांनी कागद चाळले. मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या रुग्णाचा पाय गेला आणि नजर गेली, म्हणजे नवा झटका, आणि झटक्यावरचा उपचार म्हणजे तीन ते पाच दिवस रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड शिरेतून. निष्कर्ष पुस्तकाप्रमाणे बरोबर होता. पण त्याच पुस्तकात झटक्याच्या व्याख्येला एक अट जोडलेली असते : नवे लक्षण किमान २४ तास टिकले पाहिजे आणि त्या वेळी ताप किंवा जंतुसंसर्ग असता कामा नये. आणि स्टेरॉइड फुकट येत नाही. ओली जखम भरायला उशीर लागतो, रक्तातील साखर वाढते, आणि आत जंतू असतील तर त्यांना मोकळे रान मिळते. औषधाची पहिली बाटली मागवण्यासाठी चिठ्ठी लिहिली जात होती.

मुलीने लाल वही उघडून डिसेंबरचे पान डॉक्टरांपुढे धरले. तोच पाय. तोच डोळा. १०१ अंश. ताप उतरल्यावर दोन दिवसांनी पूर्ववत.

डॉक्टरांनी ते दोनदा वाचले. नंतर त्यांनी लगेच नांदेडच्या मेंदूविकारतज्ज्ञांना फोन लावला आणि पान वाचून दाखवले, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. स्वतःची लिहिलेली चिठ्ठी फाडणे कोणत्याच हुद्द्यावरच्या माणसाला सोपे जात नाही. पलीकडून उत्तर आले : स्टेरॉइड थांबवा, लघवी तपासा, जंतूंची चाचणी लावा, ताप उतरवा, २४ तास वाट पाहा. लघवीत जंतू निघालेच. प्रतिजैविक सुरू झाले, तापाची गोळी, ओल्या पंचाने अंग पुसणे. ती रात्र मुलीने दर दोन तासांनी नोंद करीत काढली. पहाटे ताप ९९ वर आला. पाचव्या दिवशी सकाळी भाभींनी उजवा पाय खाटेवरून आपला आपण खाली ठेवला. यजमान तेव्हा चहा आणायला गेले होते. परत आल्यावर त्यांना तो प्रकार पुन्हा करून दाखवावा लागला.

घरी आल्यावरचा काळ या सर्वांपेक्षा चिवट निघाला. जखमा आठ-दहा दिवसांत भरल्या. याच शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवशी गल्ल्यावर बसलेले नातेवाईक भेटायला येत आणि भाभींना अजून आडवे पाहून ‘चेहरा तर छान टवटवीत आहे’ म्हणत. या आजारातला थकवा चेहऱ्यावर दिसत नाही. आंघोळ करून केस विंचरले की दिवसाची निम्मी पुंजी संपत असे. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा येत, आणि त्यांनी सांगितलेला हिशेब भाभींना पटला : दमल्यावर थांबायचे नाही, दमण्याच्या आधी थांबायचे. घरातही बदल झाले. चौकातल्या गुळगुळीत शहाबादी फरशीवर खरखरीत पट्ट्या चिकटवल्या, न्हाणीघरात भिंतीला दांडी बसवली. पेढी आणि चौक यांमधला सागवानी उंबरा मात्र तीन पिढ्यांचा. तो काढायचा की नाही यावर आठवडाभर चर्चा चालली. शेवटी उंबरा ठेवून दोन्ही बाजूंनी लाकडी उतार करण्यात आला, आणि आता हमालही पोते ओढताना त्याच उतारावरून नेतात.

स्थळाकडची मंडळी भेटायला आली ती याच दिवसांत. मुलाचे आईवडील आणि आत्या. पित्ताशयाची चौकशी झाली, आतिथ्य झाले. आत्याबाईंची नजर काठीवर होती. दीर घोट्याची जुनी गोष्ट सांगण्याच्या बेतात असताना भाभींनी त्यांना थांबवले आणि आजाराचे नाव सांगितले. किती वर्षे आहे, काय औषध चालते, मुलीला होण्याची शक्यता किती, हेही सांगितले. ‘लग्नानंतर तुम्हाला कळले असते, तर तुम्ही मला नाही, माझ्या मुलीला विचारले असते,’ त्या म्हणाल्या. मंडळी सभ्य होती. निघताना सर्वांनी प्रकृतीला जपण्यास सांगितले. दहा दिवसांनी मध्यस्थाकरवी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका महिन्यापूर्वीच जुळलेली होती. त्या संध्याकाळी घरात फारसे कोणी जेवले नाही. मुलीने वहीत रोजची नोंद केली, चालण्याची वेळ लिहिली, आणि पाण्याचा तांब्या पूर्ण रिकामा नसल्याबद्दल आईला बोलली.

काठीमागचे खरे कारण आता गावाला कळले होते, आणि त्याचा एक परिणाम कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. वाशीमकडच्या एका दुकानदाराची पत्नी दुपारी मुद्दाम येऊन भाभींपाशी बसली. तिच्या भावाला हाच आजार होता आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया करायची होती. तिने भाभींची वही पाहायला मागितली. भाभींनी लघवीच्या नोंदींची पाने आधी दुमडली, मग पुन्हा सरळ केली आणि वही तशीच तिच्या हाती दिली.

जंतुसंसर्ग पुरता गेल्याचे आणि जखमा भरल्याचे पाहून लांबलेली मात्रा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्यायचे ठरले. तोवर हळद बाजारात येऊ लागली होती आणि ऊन चढले होते. भाभी सकाळी सात ते दहा पेढीवर बसत, मानेवर ओला पंचा ठेवून. आदल्या दिवशीची नोंद होती : गादीपासून मागच्या दारापर्यंत दोन मिनिटे पंधरा सेकंद. ताप नाही. नांदेडला निघायच्या दिवशी पहाटेच गाडी दारात लागली. मुनीम दिवा घेऊन बाहेर आला आणि ‘एवढ्या पहाटे खरेदी?’ असे सवयीने विचारून बसला.

‘दवाखाना,’ धाकटे दीर म्हणाले. मग गाडीचे दार धरून त्यांनी मागे वळून पाहिले आणि विचारले, ‘भाभी, वही घेतली का?’